एक असलं तरी पुरे

"हातमोजे घालून आपल्या तळ्याला शिवायचं?" आण्णा म्हणाले. "ही सोवळ्यातली पोर माझ्या घरात कुठनं आली म्हणायची?"

मी म्हटलं, सोवळंच समजा. पायरीवर बसा, मी मागेन ती बाटली द्या आणि मधे मधे बोलू नका. आण्णा बसले, मोजेही चढवले, पण गप्प बसतील तर ते आण्णा कसले! मी पाण्याकडे वाकले की त्यांना शंका यायची. एवढ्याशा पाण्यात काय कळणार, गढूळ आलं तर चालतं का, पुण्याला पोचेपर्यंत नासणार नाही का. मी उत्तरं देत होते आणि मनात म्हणत होते, देवा, या माणसाला पाच मिनिटं तोंड मिटून बसायची बुद्धी दे.

गोष्ट जुनी झाली आता. गवळीण तळ्याच्या घाटावर सकाळी आम्ही बापलेक दोघंच होतो. कधीकाळी निम्म्या शहराच्या म्हशी तिथं धुवायला यायच्या, म्हणून ते नाव. तेव्हा मात्र एका अंगानं गटार येऊन मिळालेलं, कडेला निर्माल्य आणि थर्माकोल. काठावरच आण्णांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे नुसतं शटर उरलेलं. गुडघे गेले तसं त्यांनी काम बंद केलं, पण किल्ली कमरेची सुटली नाही. सकाळ-संध्याकाळ शटर अर्धं वर करून आत जायचे, तासभर बसायचे. आत काय करता विचारलं की म्हणायचे, "बसतो जरा. घरात करमत न्हाई." आई गेल्यापासून घरात त्यांना खरंच करमत नव्हतं, म्हणून मी पुढं काही विचारायची नाही.

मी पुण्याला एका संस्थेत काम करायची. काम सांगायला सोपं होतं. पाण्यात राहणारा जीव पाण्यात आपलं काहीबाही सोडत असतो. कातडीचा कण, लाळ, घाण. ते पाणी अगदी बारीक गाळणीतून गाळायचं आणि गाळणीवर जे उरेल त्यातला डीएनए तपासायचा. म्हणजे जाळं न टाकता, जीव न पकडता कळतं की तळ्यात कोण कोण आहे. आण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दारातल्या चपला बघून घरात कोण आलंय सांगायचं, तसंच की." मी म्हटलं, जवळपास तसंच.

आणि त्या वेळी तळ्याचं सगळं भवितव्य ते कळण्यावर होतं. तळं अर्धं बुजवून तिथं गाड्या लावायला जागा करायची आणि उरलेल्याला सिमेंटची भिंत घालून कारंजं बसवायचं, असं पालिकेनं ठरवलं होतं. गल्लीतल्या शिंत्रे वकिलांनी कोर्टात अर्ज केला. कोर्टानं विचारलं, या डबक्यात राखण्यासारखं आहे काय? जुनी माणसं सांगायची की इथं कासवं होती, मऊ पाठीची पाणकासवं. कायद्यानं त्यांना वाघाइतकंच जपलेलं आहे. पण एका दुष्काळी वर्षी डंपर लावून तळ्याचा गाळ काढला, त्यानंतर कुणाला एकही दिसलं नव्हतं. पाण्यात कासवाची खूण सापडली तर काम थांबणार होतं. नाही सापडली तर दिवाळीनंतर मुरुमाच्या गाड्या येणार होत्या.

मला ते तळं पाहिजे होतं. त्या पायऱ्यांवर आई कपडे धुवायची, त्या पाण्यात मी पोहायला शिकले. आणि खरं सांगायचं तर आण्णांसाठी पाहिजे होतं. सकाळी उठून जायला त्यांना तेवढी एकच जागा राहिली होती.

शेवटची बाटली वेगळी होती. पुण्याहून भरून आणलेलं शुद्ध पाणी. ती घाटावर उघडायची, पुन्हा बंद करायची, आणि बाकीच्यांबरोबर तपासायला द्यायची. आण्णांना याचं भारी नवल वाटलं. पुण्याचं पाणी इथं आणून परत पुण्याला धाडायचं, हा काय उद्योग? मी समजावलं की ही आपली चूक पकडायला. या बाटलीत काही सापडता कामा नये. सापडलंच तर समजायचं की खूण तळ्यातली नाही, आपल्याच हातातनं नाहीतर सामानातनं आलेली आहे, आणि मग सगळंच फुकट. आण्णा त्या बाटलीकडे बराच वेळ बघत राहिले.

बाटल्या पुण्याला धाडल्या आणि रजा काढून मी घरीच राहिले होते. पुण्याहून आमच्या संस्थेतल्या रणदिवे मॅडमचा फोन आला तेव्हा आण्णांना जेवायला वाढलं होतं. कासव आहे, मॅडम म्हणाल्या, मऊ पाठीचं. मी स्वयंपाकघरात अक्षरशः नाचले. आण्णांचा घास हातातच राहिला.

"कुठल्या बाटलीत?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, सगळ्या. सगळ्या बाटल्यांत आहे, आण्णा! त्यांनी घास ताटात ठेवला आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मला वाटलं, आनंदानं भरून आलं असेल.

दुसऱ्या दिवशी परत फोन. शुद्ध पाण्याच्या बाटलीतही कासव होतं.

मी डोकं धरून बसले. असला निकाल कोर्टात देता येत नाही, आणि दिला असता तरी समोरच्या वकिलानं चिंधड्या केल्या असत्या. मॅडम म्हणाल्या, सामान कुठं ठेवलं होतं ते आठव. सामान आदल्या संध्याकाळी आण्णांच्या दुकानात ठेवलं होतं, कारण खोकं जड आणि दुकान तळ्यापाशी. मी आण्णांना धारेवर धरलं. बाटल्यांना काय केलंत?

"काही न्हाई," ते म्हणाले. "झाकणं बघितली, गळतात का ती."

"कशी बघितली?"

"टाकीत बुडवून. बुडबुडा येतोय का बघायला. तुझा एवढा खटाटोप, आणि एखादं झाकण सैल निघालं म्हणजे?"

दुकानाच्या मागच्या बाजूला सिमेंटची बसकी टाकी होती, ट्रकच्या ट्यूबा बुडवून पंक्चर शोधायची. जन्मभर या माणसानं जे हातात आलं ते पाण्यात बुडवून बघितलं होतं. आईचा नवा कुकर आणला तोही त्यांनी आधी टाकीत बुडवला होता. आता माझ्या बाटल्या बुडवल्या. हसावं की रडावं कळेना. मी खूप बोलले. इतकं बोलले की आण्णा लहान पोरासारखे भिंतीला टेकून उभे राहिले.

पण टाकीच्या पाण्यात कासव कुठनं येणार? मॅडमनीच उत्तर काढलं. नळाला नदीचं पाणी येतं, नदीत कासवं आहेत, नळातनं तेवढी खूण येऊ शकते. मला ते पटलं. दुसरं काही सुचायला कारणच नव्हतं. मॅडमनी नव्या बाटल्या पाठवते म्हणून सांगितलं, कोर्टाची तारीख जवळ आली होती, पुन्हा एकदा पाणी घ्यायचं ठरलं. या वेळी नळाचा संबंध नसणार होता आणि तळ्यात काही सापडणार नाही हे मला आतनं कळून चुकलं होतं.

संध्याकाळी आण्णा माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसले. मी रागाचं बोलले ते पोटात घालून त्यांनीच विषय काढला. तळ्यात कासवं किती पाहिजेत, काम थांबायला?

"किती कसली, आण्णा. एक असलं तरी पुरे."

"एक असलं तरी पाण्यात कळतं?"

मी म्हटलं, कळतं. दोन-चार दिवस पाण्यात राहिलं की आजूबाजूच्या पाण्यात खूण उतरते. आण्णांनी मान हलवली. मग थोड्या वेळानं विचारलं की कुणी घरात ठेवलेलं असलं तर ते धरत नाहीत का. मला हसू आलं. मी म्हटलं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे, बोरगावे काकूंचं विसरलात का? आमच्या शेजारच्या बोरगावे काकूंनी बरकत येते म्हणून पाठीवर चांदण्या असलेलं कासव पाळलं होतं. मी सुट्टीला आले असताना त्यांना तासभर कायदा सुनावला आणि ते वनखात्याला द्यायला लावलं होतं. काकू डोळ्याला पदर लावून रडल्या होत्या. आण्णा तेव्हा कोपऱ्यात बसून ऐकत होते. आताही ते ऐकून उठले आणि दुकानाकडे गेले.

नवं सामान आलं, मी ते घरात माझ्या खाटेखाली ठेवलं. पाणी घ्यायला गेले त्या दिवशी आण्णा घाट उतरलेच नाहीत. दुकानाच्या पायरीवर दोन्ही हात काखेत घालून बसले होते, जणू हात सुटले तर कशाला तरी लागतील. तिथनंच त्यांनी सांगितलं, "पिंपळाच्या अंगाला घे. तिकडं पाणी जरा बरं हाय." मी पिंपळाखालीही घेतलं.

निकाल आला. पिंपळाखालच्या बाटल्यांत कासव होतं. शुद्ध पाण्याची बाटली कोरी होती.

या वेळी मी नाचले नाही, मला खरंच वाटेना. मॅडमनी दोनदा तपासून घेतलं. शिंत्रे वकिलांनी तो निकाल कोर्टात ठेवला आणि काम थांबलं. गल्लीनं पेढे वाटले, मला शाल घातली. गटार वळवायचंही ठरलं. तळं आजही जागेवर आहे, काठावर कासवाचं चित्र काढलेली पाटी आहे. लोक मला म्हणायचे, आण्णांनी नाव काढणारी पोर जन्माला घातली. आण्णा पेढा हातात घेऊन नुसते बसायचे. त्यांचं जेवण कमी झालं होतं. मी विचारलं तर म्हणायचे, वय झालं.

एक गोष्ट मी बघितली होती, पण मनावर घेतली नाही. दुकानाची किल्ली त्यांच्या कमरेवरून खिळ्यावर गेली होती. सकाळ-संध्याकाळ ते आता दुकानात न जाता घाटाच्या खालच्या पायरीवर बसायचे. मोकळे हात मांडीवर ठेवून, पिंपळाकडे बघत.

तळं वाचलं म्हटल्यावर तिथं माणसं यायला लागली. पोरं, जोडपी, फिरायला येणारी म्हातारी मंडळी. मग गाडे आले. पहिला शिदूचा, भेळेचा. शिदू मोठा हौशी गडी. भेळ कालवताना चमचा पातेल्याच्या कडेवर असा वाजवायचा की रस्त्यावरची माणसं थांबायची. टक टक टक, टक टक टक. आणि या शिदूशी आमच्या आण्णांनी भांडण काढलं.

मी तेव्हा पुन्हा सुट्टीला घरी आले होते, मला कुणीतरी बोलवायला आलं. जाऊन बघते तर आण्णांनी शिदूचा हात धरून ठेवलेला आणि ओरडतायत. वाजवू नको म्हणतो ते कळत नाही का तुला? शिदू बिचारा हात जोडत होता. आजोबा, वाजवल्याशिवाय गिऱ्हाईक येत नाही. गर्दी हसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आण्णांना दंडाला धरून घरी आणलं आणि विचारलं की त्या गरिबानं तुमचं काय घोडं मारलं? रात्रभर त्यांच्या खोलीतनं कूस बदलल्याचा आवाज येत होता.

चार-आठ दिवस असेच गेले. मग एका सकाळी शिदूच आमच्या दारात उभा. पांढराफटक पडला होता. ताई, तुमचं कासव, एवढंच तो म्हणाला.

गाडा धुवायला तो पहाटे येतो. पायऱ्यांवर कुत्र्यांचं भांडण चाललं होतं, ती हाकलली तर खाली हे. मी धावत गेले. गाडा लागतो तिथल्याच पायरीवर ते पडलं होतं, ताटलीएवढं, मान लांब होऊन एका बाजूला कललेली. जे कासव इतक्या वर्षांत कुणाला दिसलं नव्हतं, ते माणसांच्या वर्दळीत पायऱ्या चढून वर आलं कसं? पाणकासव माणसाची चाहूल लागली की तळ गाठतं. मी शिदूला विचारलं. तो म्हणाला, दोन-तीन संध्याकाळी गाड्याखाली काहीतरी आल्यागत वाटलं होतं, मी भेळ कालवायला लागलो की. उंदीर समजून पाय आपटला.

मी खाली वाकून त्याला सरळ केलं. पाठीची मागची कड पूर्वी कधीतरी तुटलेली होती. आणि तुटलेल्या जागी एक ठिगळ होतं. काळं, गोल, लाल कडेचं. सायकलच्या ट्यूबला लावतात तसलं पंक्चरचं ठिगळ, कडा नीट घासून, सोल्यूशन लावून चिकटवलेलं.

मी तिथंच पायरीवर बसले. सगळं एकदम कळलं.

आण्णा कधी आले कळलं नाही. कठडा न धरता पायऱ्या उतरले, खाली बसले आणि त्यांनी ते मांडीवर घेतलं. अंगठ्यानं ठिगळावरचा चिखल पुसला.

"दरसाल नवं लावतो," ते म्हणाले. "पाण्यानं सुटतं."

मग एकेक सांगितलं. गाळ काढला त्या वर्षी आई कपडे धुवायला गेली होती. डंपरच्या चाकाखालनं हे निघालं, मागची कड फुटलेली. आईनं पदरात घालून दुकानात आणलं. आण्णा म्हणाले होते, मी ट्यूबा जोडतो, कासवं न्हवं. आईनं ऐकलं नाही. टाकीत ते राहिलं. आई स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवायची, की ते वर यायचं आणि तिच्या हातातनं खायचं. मी पुण्याला होते. मला सांगणारच होते, तेवढ्यात बोरगावे काकूंचं झालं. मग आई म्हणाली, हिला कळलं तर ही घेऊन जाईल. मी खरंच नेलं असतं. आई गेल्यावर तीच वाटी आण्णा वाजवायला लागले. दुकानात सकाळ-संध्याकाळ ते त्याच्यापाशी बसत होते.

"मग सोडलंत कशाला, आण्णा?"

"तूच म्हणालीस. एक असलं तरी पुरे."

आण्णाच बोलत राहिले, माझ्याकडे न बघता. "मी एकदाबी वाजवलं न्हाई, वैजू. रोज इथं येऊन बसायचो, पर वाटी घरात ठेवून. म्हटलं विसरू दे तिला ती हाक आता. लई वाटायचं, एकदा वाजवावं, वर आली तर बघावं. न्हाई वाजवलं."

शिदू दोन पायऱ्या वर उभा होता. त्याला आता सगळं समजलं होतं, आणि तो तोंडावर गमछा धरून रडायला लागला.

मी आण्णांच्या खांद्याला हात लावला. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं की आई काय म्हणायची तिला.

"वैजूच म्हणायची," आण्णा म्हणाले. "तू शिकायला गेलीस आन घरात हाक मारायला कुणी राहिलं न्हाई. मग हिलाच मारायची."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. लोक जमले होते, तरी रडले. आई गेली तेव्हाही इतकी रडले नव्हते. तिच्या तोंडून माझं नाव इतकी वर्षं त्या दुकानात रोज निघत होतं आणि मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

वनखात्याची माणसं आली. आण्णांनी विचारलं, पिंपळाखाली पुरलं तर चालेल का. आलेला पोरगा भला होता. त्यानं टोपी काढली, पण म्हणाला, आजोबा, तपासणी करावी लागते, न्यावं लागतं. आण्णांनी हुज्जत घातली नाही. गोणपाटात ठेवायच्या आधी त्यांनी ठिगळाची एक सुटत आलेली कड बोटानं दाबून बसवली, धरून ठेवली, आणि मग दिलं.

त्या संध्याकाळी आण्णा म्हणाले, चल, भेळ खाऊन येऊ. मी नको म्हणत होते, पण त्यांनी चपला घातल्या. शिदूनं गाडा लावला होता, पण हातानंच भेळ कालवत होता, खाली मान घालून. गाड्यावर एकही गिऱ्हाईक नव्हतं. आम्हाला बघून तो बाजूला सरकला.

"वाजव बाबा," आण्णा म्हणाले. "त्याशिवाय गिऱ्हाईक कसं येणार?"

शिदूनं मान हलवली. नको म्हणाला. माझा हात होत नाही म्हणाला.

"तुझी काही चूक न्हाई. तिला हाक वळखू आली, ती आली. वाजव म्हणतो न्हवं."

शिदूनं चमचा उचलला आणि पातेल्याच्या कडेवर हळू वाजवला. मग नेहमीसारखा. टक टक टक, टक टक टक. आमच्या हातात त्यानं भेळेचे द्रोण दिले. माणसं यायला लागली. आण्णा द्रोण घेऊन दोन पायऱ्या खाली उतरले आणि पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. हातातली भेळ मऊ पडून गेली तरी ते तिथंच उभे होते.